तळघराचं बाहेरचं जुनं दार बदलायचंय आणि उंबरठा उचलायचाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सहकारनगर, पर्वती, एरंडवणे, कोथरूड या भागांत उतारावर बांधलेले जुने बंगले बरेच आहेत. रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर तळमजला दिसतो आणि मागे गेलं की पाच-सात पायऱ्या उतरून तळघराचं दार लागतं. हे दार बहुधा घराइतकंच जुनं असतं. दर पावसाळ्यात ते फुगतं, खालून कुजतं, आणि एखाद्या वर्षी पाणी सरळ आत येतं. मी सिव्हिल इंजिनियर आहे. अरण्येश्वरजवळच्या आमच्या घराचं असं दार आम्ही २०२० च्या जानेवारीत बदललं आणि उंबरठा नऊ इंच उचलला. तेव्हापासून ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

दार खालून कुजलंय. नुसतं दार बदलून भागणार नाही का?

भागेल, पण चार-पाच वर्षंच. दार कुजतं ते वयामुळे नाही, खालून सतत ओल लागते म्हणून. चौकटीचे पाय कोब्यात गाडलेले असतात आणि कोबा मातीतली ओल वर ओढतो. तोच उंबरठा, तीच पातळी ठेवून नवं सागवान बसवलं, तरी त्याचेही पाय तसेच काळे पडतील.

तपासायचं असेल तर एक पेचकस घ्या आणि चौकटीच्या पायाशी, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर दाबा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते लाकूड संपलं. तसाच हळूहळू वर सरकत जा. कुठे अडतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. बऱ्याच घरांत ही खूण फूट-सव्वा फुटावर येते आणि त्यावरचं लाकूड ठणठणीत असतं. वाळवी असेल तर मात्र वरपर्यंत ठोकून आवाज ऐका. पोकळ आवाज आला तर ती चौकट वाचवण्यात अर्थ नाही.

पाणी नक्की कुठून येतंय, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण तो फार थोडे लोक विचारतात. दाराखालून पाणी आलं म्हणजे दोष दाराचाच, असं आपण धरून चालतो.

एक हिशेब करून दाखवते. समजा, पायऱ्यांच्या खड्ड्याचं तोंड चार फूट बाय दहा फूट आहे. पुण्यात वळवाचा किंवा परतीचा पाऊस तासाभरात ५० मिलिमीटर पडू शकतो. तेवढ्यात त्या तोंडातून सरळ आभाळातून पडलेलं पाणी भरतं साधारण १८५ लिटर. खाली दारासमोरची जागा चार बाय चार असेल, तर एवढ्यानंच तिथे पाच इंच पाणी उभं राहतं. आता अंगण धरा. हजार चौरस फूट फरसबंद अंगणावर त्याच तासात साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं. अंगणाचा उतार पायऱ्यांकडे असेल, तर त्यातलं बरंचसं खाली उतरतं. त्या पाण्यापुढे कुठलंच दार टिकत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की, दाराचा उंबरठा उचलण्याआधी पायऱ्यांचं तोंड उचला. सगळ्यात वरच्या पायरीशी आणि खड्ड्याच्या तिन्ही कडांना चार ते सहा इंचांचा बांध घाला, वर दोन्ही बाजूंनी थोडं पुढे येईल असं छप्पर टाका, आणि गच्चीच्या पन्हाळीचा पाइप तिथे सुटत असेल तर तो आधी दुसरीकडे वळवा. एक-दोन दिवसांचं गवंडीकाम आहे, पण निम्मं दुखणं तिथेच संपतं.

पावसात छत्री घेऊन उभं राहा आणि पाहा. पायऱ्यांवरून ओघळ येतोय का, भिंतीच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधून, पाझरतंय का, की दारासमोरच्या जाळीतून उलटं वर येतंय? जाळीतून येत असेल तर बाहेरचं ड्रेनेज तुंबून पाणी मागे फिरतंय. अशा वेळी उंबरठा कितीही उंच केलात तरी पाणी आतल्या नहाणीतून येईल. त्या लायनीवर पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवायला लागतो आणि तो दर मे महिन्यात उघडून साफ करावा लागतो.

उंबरठा किती उचलायचा?

आजवर पाणी कुठपर्यंत आलं त्याची रेघ भिंतीवर असते. प्लास्टरवर मातकट डाग दिसतो, रंगाचे पोपडे त्याच उंचीपर्यंत सुटलेले असतात. नुसत्या पावसाच्या पाण्याचा त्रास असेल, तर दारासमोरच्या जागेपासून सहा ते नऊ इंच उंबरठा बहुतेक घरांना पुरतो. वरच्या हिशेबात निघालेले पाच इंच इथे उपयोगी पडतात. पंप चालू व्हायला उशीर झाला तरी तेवढी सवड मिळते.

ओढ्याच्या किंवा नदीच्या पाण्याचा प्रश्न असेल, तर उंबरठा हा त्यावरचा उपाय नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या भागात ज्या वेगानं शिरलं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कात्रजच्या डोंगरांवर पडलेला पाऊस या एका ओढ्यातून मुठेकडे येतो. नऊ इंच काय आणि दोन फूट काय, त्या रात्री काहीच पुरलं नसतं.

दोन फुटांच्या वर अडवण्याचा हट्ट करूही नये. बाहेर पाणी उभं आणि आत कोरडं, असं असताना सगळा दाब भिंतीवर येतो. जुन्या दगडी भिंतीत चुन्याचं किंवा मातीचं बांधकाम असेल तर ती पोटातून आत येऊ शकते. तेवढं पाणी चढलं तर ते आत येऊ देण्यातच घराचं हित आहे. सामान भिजतं तेवढं भिजू दे.

उंबरठा वर गेला की दार बुटकं होणार. मग लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी आडवी तुळई, फोडायचं का?

आधी मापं घ्या. एक उदाहरण देते. तळघराची आतली उंची आठ फूट, म्हणजे ९६ इंच. जुन्या दाराच्या लिंटेलचा तळ ८१ इंचांवर. नऊ इंच उचलायचं तर नवा तळ ९० इंचांवर जाईल. लिंटेल सहा इंच जाड, म्हणजे त्याची वरची कड ९६ वर, थेट स्लॅबला टेकली. अशा ठिकाणी नऊ इंचांच्या वर जाता येत नाही, आणि वर स्लॅबची तुळई असेल तर तेवढंही जाता येत नाही. त्यामुळे गवंड्याला बोलावण्याआधी आतून आणि बाहेरून टेपनं मोजून कागदावर काढा. बाहेरची आणि आतली पातळी जुळवायला लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, वापरा, नजरेवर जाऊ नका.

दुसरी वाट अशी की लिंटेलला हातच लावायचा नाही. तळघर फक्त सामान ठेवायला वापरत असाल, तर पावणेसात फुटांच्या जागी सहा फुटांचं दार चालू शकतं. चौकटीचा खालचा कुजलेला भाग कापायचा आणि तेवढाच उंबरठा उचलायचा, म्हणजे जुनी चौकटही वाचते. मात्र उंच माणूस रोज ये-जा करणार असेल तर हे करू नका.

लिंटेल उचलताना वरच्या मजल्याला धोका नाही ना?

धोका आहे, आणि इथे काटकसर करू नका. वर घर उभं आहे. जुन्या बंगल्यांत तळघराच्या भिंती बहुधा काळ्या दगडाच्या, दीड फूट जाडीच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनियरनं जागेवर येऊन पाहिल्याशिवाय एकही दगड काढू देऊ नका.

काम साधारण असं चालतं. आधी आतून स्लॅबखाली लोखंडी जॅक लावून भार उचलून धरायचा. मग भिंतीची जाडी दोन भागांत धरायची. पहिल्यांदा बाहेरच्या निम्म्या जाडीत खाच घ्यायची, तिथे तयार आरसीसी लिंटेल किंवा लोखंडी चॅनेल बसवायचं, वरची फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटनं (फटी भरायच्या सिमेंटी मसाल्यानं) ठासून भरायची. ती पक्की झाली की आतल्या निम्म्या भागात तेच करायचं. दोन्ही झाल्यावरच जुनं लिंटेल काढायचं. तीन फुटांच्या दाराला दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकण हवं. दगडी भिंत असेल तर नऊ इंच द्या, कारण कडेचे दगड सैल निघतात.

मोठा ब्रेकर लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्यानं बाजूच्या दर्जा मोकळ्या होतात आणि महिन्याभरानं तळमजल्याच्या भिंतीला तिरकी चीर दिसते. छिन्नी-हातोडा आणि कटर यांनी वेळ लागतो, तो लागू द्या. जागेवरच काँक्रीट ओतणार असाल तर खालचे टेकू चौदा दिवस तरी काढायचे नाहीत आणि निदान पहिले दहा दिवस पाणी मारायचं. कॉन्ट्रॅक्टर घाई करतो, कारण त्याचे जॅक अडकून पडतात. जॅकचं जादा भाडं आपण द्यावं, पण दिवस कमी करू नयेत.

दार आत उघडावं की बाहेर?

या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण ते आमच्या घरात फार जवळून पाहिलं आहे.

बाहेर उघडणारं दार पाणी अडवायला चांगलं. बाहेरचं पाणी त्याची फळी चौकटीच्या खाचेवर दाबून धरतं, रबरी पट्टी घट्ट बसते. आत उघडणाऱ्या दारात हाच दाब कडी-कोयंड्यावर येतो, आणि कडी निघाली की दार पाण्यासकट अंगावर येतं.

पण बाहेर उघडणाऱ्या दारामागे माणूस अडकतो. तीन फूट रुंद दारावर बाहेरून एक फूट पाणी असेल तर साधारण ४० किलो वजनाएवढा जोर पडतो. पाणी दोन फूट झालं की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे १६० किलोच्या आसपास. तीन फुटांना ३६० किलोच्या वर. हा जोर फळीच्या खालच्या भागावर येतो आणि बिजागरी काही मदत करते, हे खरं. तरी दोन फूट पाण्यासमोर एकट्या माणसाला दार ढकलता येत नाही.

२०१९ च्या त्या रात्री माझा पुतण्या खाली अभ्यास करत होता. पाणी दाराखालून यायला लागलं तेव्हा त्यानं दार ढकलून पाहिलं, ते जागचं हललं नाही. आमच्या तळघरातून वर स्वयंपाकघरात येणारा आतला जिना आहे, म्हणून तो वर आला. तो जिना नसता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला पावसाच्या रात्री झोपू देत नाही.

तेव्हा माझा नियम असा की आतून वर जायला जिना असेल तर दार बाहेर उघडणारं करा. नसेल तर आत उघडणारं करा, आणि जून ते ऑक्टोबर तिथे कोणीही झोपायचं नाही. पाहुणे नाहीत, कामावरच्या मावशी नाहीत, अभ्यासाला मुलंही नाहीत. बाहेर उघडणाऱ्या दाराची बिजागरी बाहेरून दिसते, म्हणून तिची पिन काढता न येणारी घ्या. समोर फळी पूर्ण फिरेल एवढी सपाट जागाही हवी. फळी पायरीवर अडकता कामा नये.

कोणत्या मटेरियलचं दार घ्यावं?

उघड्यावर, ओलीत आणि अर्धं जमिनीखाली, एवढ्या तिन्ही गोष्टी सोसायच्या तर चौकट ग्रॅनाइटची किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची घ्या आणि फळी एफआरपीची (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण). वाळवी लागत नाही, फुगत नाही. साध्या लोखंडी पत्र्याचं दार स्वस्त आणि मजबूत असतं, पण ते खालच्या कडेपासून गंजतं. घेतलंत तर पत्रा जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, आतल्या पोकळीत पाणी साठू नये म्हणून तळाला भोकं ठेवा आणि दर दोन वर्षांनी घासून प्रायमर मारा. साधा फ्लश डोअर इथे अजिबात नको, तो पहिल्याच पावसाळ्यात पदर सोडतो.

सागवान मला मनापासून आवडतं. जुन्या घराला तेच शोभतं. घ्यायचं असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जा, वाळलेला माल निवडा, आणि फळी बसवताना भोवती तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा. उन्हाळ्यात नेमकं बसवलेलं दार जुलैत अडकतं, मग सुतार येऊन रंधा मारतो आणि डिसेंबरात तिथून उजेड दिसतो.

चौकट बसवताना कशावर लक्ष ठेवायचं?

चौकटीचे पाय काँक्रीटमध्ये गाडायचे नाहीत. खाली ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा तुकडा ठेवून त्यावर टेकवायचे. उंबरठ्याचा दगड अखंड घ्या, जोड नको. त्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या आणि पुढे आलेल्या कडेखाली कटरनं एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी दगडाच्या पोटाखालून भिंतीकडे न जाता खाचेशी सुटून खाली पडतं. ही खाच मारायला दहा मिनिटं लागतात, पण सांगितल्याशिवाय कोणी मारत नाही.

उंबरठा उचलताना खाली विटांचे तुकडे आणि मुरूम भरून वर दगड चिकटवण्याची पद्धत आहे. तसं करू नका, त्यातून पाणी झिरपत राहतं. जुना कोबा खरवडून, त्यात सळईचे तुकडे बसवून वर काँक्रीटच ओता आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही बाजूंना भिंतीवर फूटभर चढवा. चौकटीच्या दोन्ही उभ्यांना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) लावा, आणि चौकट ओळंब्यात म्हणजे सरळ उभी आणि गुण्यात म्हणजे काटकोनात बसवा. फटी सिमेंटनं नाही, लवचिक सीलंटनं भरा.

जुनी सागवानी चौकट टाकून द्यायची का?

नको. वरचा भाग चांगला असेल तर खिडकीला, फडताळाला, बाकाला वापरता येतो. आमच्या जुन्या दाराच्या फळ्यांचं माझ्या सासऱ्यांच्या हत्यारांसाठी कपाट झालं.

घरात वयस्कर माणसं आहेत. उंच उंबऱ्याला अडखळतील ना?

नऊ इंचांचा एकच उंबरा ओलांडायला लावू नका. बाहेरून पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आपोआप कमी होते. आत मात्र दारापासून तीन फूट सपाट चौथरा करा आणि मग सहा-सहा इंचांच्या पायऱ्यांनी खाली उतरा. दार उघडल्याबरोबर पायरी असेल तर माणूस पडतो. कठडा दोन्ही बाजूंना, आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. जागा नसेल तर उंबरठा चार इंच ठेवा आणि पावसाळ्यापुरती काढता-घालता येणारी पाणफळी लावा.

ही पाणफळी काय असते?

दाराच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे उभे चॅनेल बसवायचे. पावसाची लक्षणं दिसली की त्यात दीड-दोन फूट उंचीची ॲल्युमिनियमची किंवा मरीन प्लायची फळी सरकवायची. खाली आणि बाजूंना रबर, वरून दाबायला पाचर किंवा स्क्रू. कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देतो. पावसाळा पंधरा दिवसांवर आला असेल आणि भिंतीला हात लावायला वेळ नसेल, तर हे आणि वरचा बांध एवढंच करून घ्या. बाकीचं दिवाळीनंतर.

पंप लागेलच का?

छप्पर टाकूनही तिरका पाऊस आत येतो, म्हणून लागतो. दारासमोरच्या जागेत दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा घ्या, त्यात सव्वादोनशे लिटर मावतात. तरंगत्या स्विचचा अर्धा एचपी पंप ठेवा. जोराच्या पावसात लाईट जातेच, तेव्हा तो इन्व्हर्टरवर घ्या. या लायनीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद पडणारा स्विच, हवाच, आणि तळघरातली सगळी बटणं कमरेच्या वर.

दारच बुजवून टाकलं तर?

समजू शकते मी. वैतागून बरेच जण या निर्णयाला येतात. पण ते दार म्हणजे तळघराचा वारा आणि बाहेर पडायची दुसरी वाट असते. आग लागली, वरचा जिना धुरानं भरला, तर खालच्या माणसानं जायचं कुठून? शिवाय हवा थांबली की ओल आणि बुरशी वाढते. बुजवायचंच असेल तर आधी हवेची आणि सुटकेची दुसरी सोय करा.

महापालिकेची परवानगी लागते का?

आहे त्या जागी दार-चौकट बदलणं ही घरदुरुस्ती झाली. भार पेलणारी भिंत कापायची, दाराची जागा मोठी करायची किंवा सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, पक्कं छप्पर टाकायचं असेल, तर परवानाधारक इंजिनियर किंवा आर्किटेक्टकरवी बांधकाम विभागात विचारून घ्या. सोसायटी असेल तर तिचं पत्र, आणि वारसा यादीतला वाडा असेल तर हेरिटेज समितीची मान्यता लागते.

काम कधी काढावं?

दिवाळी झाल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माती कोरडी असते. एप्रिलच्या शेवटी वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही, आणि उघड्या भिंतीत ती शिरली तर नवं काम भिजतं. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, पण काम मार्चअखेर संपवायचं ठरवा.

कोटेशन कसं मागावं?

'दार बदलून उंबरठा उचलणे' असा एकच आकडा घेऊ नका. तोडकाम व राडारोडा, जॅक, लिंटेल, उंबरठा, वॉटरप्रूफिंग, चौकट, फळी, कडी-कोयंडा, प्लास्टर, अशी प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. तीन जणांचे आकडे शेजारी ठेवले की कोणी काय वगळलंय ते दिसतं. बहुतेक वेळा जॅक आणि वॉटरप्रूफिंग वगळलेलं असतं. कडी, बिजागरी, रबर बोहरी आळीतून स्वतः आणलंत तर बरं पडतं, तिथे हातात घेऊन पाहता येतं.

पाणी चढायला लागलं तर त्या क्षणी काय करायचं?

आत कोणी असेल तर त्याला वर बोलवा. सामानासाठी खाली जाऊ नका. मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करता येत असेल तरच करा. आणि बाहेर पाणी उभं असताना ते दार उघडायला जाऊ नका, कुठल्याही बाजूनं.

पाणी ओसरल्यावर तळघर एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्यानं जड असते आणि आतला आधार गेला की भिंत आत ढकलली जाते. फूटभर पाणी काढा, भिंतीवर खडूची खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेलं असेल तर बाहेरची माती अजून भरलेली आहे, आणखी एक दिवस जाऊ द्या. खुणेवरच असेल तर पुढचा फूट काढा.